वारस नसलेला संघ

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर भिक्षुसंघाला कोणी प्रमुख उरला नाही. मतभेद झाले, शाखा फुटल्या, राजसत्तेचा हात मध्ये आला. तरीही संघ टिकला. तो कशाच्या बळावर टिकला आणि त्यासाठी त्याने कोणती किंमत मोजली, याचा हा मागोवा.

गौतम बुद्धांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा ते ८० वर्षांचे होते. कुशीनगरच्या मल्लांच्या शालवनात, दोन शालवृक्षांच्या मध्ये त्यांनी देह ठेवला. हे वर्ष नेमके कोणते, याविषयी एकमत नाही. श्रीलंका, म्यानमार आदी देशांच्या परंपरेत इ.स.पू. ५४४ किंवा ५४३ हे वर्ष धरले जाते. विसाव्या शतकातील बहुतेक इतिहासकारांनी इ.स.पू. ४८३च्या आसपासचा काळ मानला. तर अलीकडचे अनेक अभ्यासक ही घटना इ.स.पू. ४००च्या जवळपास आणून ठेवतात. काळाविषयी असा मतभेद असला, तरी संघापुढे त्या दिवशी उभा राहिलेला प्रश्न मात्र स्पष्ट होता. यापुढे अंतिम शब्द कोणाचा?

सारिपुत्र आणि मोग्गल्लान हे दोन अग्रश्रावक बुद्धांच्या हयातीतच निवर्तले होते. संघाची सूत्रे आपल्याकडे द्यावीत अशी मागणी देवदत्ताने पूर्वी केली होती. ती बुद्धांनी ठाम शब्दांत फेटाळली होती आणि सारिपुत्र-मोग्गल्लानांच्या हातीही आपण संघ सोपवणार नाही, असे सांगितले होते. शेवटच्या दिवसांत त्यांनी आनंदांना सांगितले ते एवढेच, की त्यांनी शिकवलेला धम्म आणि घालून दिलेला विनय हेच त्यांच्या पश्चात भिक्षूंचे शास्ते असतील. त्याच वेळी आणखी एक सवलतही त्यांनी दिली. संघाची इच्छा असेल तर लहानसहान नियम रद्द करावेत. पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास या दोन वाक्यांभोवती फिरत राहिला, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

अस्थींचा तंटा आणि भिक्षूंची चिंता

बुद्धांच्या देहाच्या अंत्यसंस्काराची जबाबदारी भिक्षूंची नव्हती. त्यात गुंतू नये, ते काम श्रद्धावान गृहस्थ करतील, असे आनंदांना आधीच सांगण्यात आले होते. त्याप्रमाणे मल्लांनी दहनविधी केला. त्यानंतर अस्थींवरून तंटा उभा राहिला. मगधाचा राजा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, रामग्रामचे कोलीय, पावा येथील मल्ल अशा अनेकांनी आपापला हक्क सांगितला आणि कुशीनगरचे मल्ल काही देईनात. अखेर द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ समान वाटे केले आणि प्रकरण युद्धापर्यंत गेले नाही. या सबंध तंट्यात हक्क सांगणाऱ्यांत भिक्षुसंघाचे नाव कोठेही नाही. अस्थी गृहस्थांच्या वाट्याला गेल्या. संघाच्या वाट्याला आला तो धम्म. आणि तो कोठेही लिहून ठेवलेला नव्हता. शेकडो भिक्षूंच्या स्मरणात तो विखुरलेला होता.

ही विखुरलेली ठेव किती सहज निसटू शकते, याची चुणूक लगेचच मिळाली. ज्येष्ठ स्थविर महाकाश्यप मोठ्या भिक्षुसमूहासह पावाहून कुशीनगरकडे येत असताना वाटेतच त्यांना महापरिनिर्वाणाची वार्ता कळली. अनेक भिक्षू शोकाकुल झाले. तेव्हा उतारवयात प्रव्रज्या घेतलेला सुभद्र नावाचा एक भिक्षू त्यांची समजूत घालू लागला, की शोक कशाला करता? हे करा, ते करू नका, अशी बंधने घालणारे गेले. आता आपल्याला हवे तसे वागता येईल. (बुद्धांचा अखेरचा शिष्य सुभद्र तो हा नव्हे.) महाकाश्यपांनी हे बोलणे मनावर घेतले. अधर्म बळावण्याआधी धम्म आणि विनय यांचे एकत्र संगायन करावे, असा प्रस्ताव त्यांनी संघापुढे मांडला.

राजगृहाची पहिली संगीती

या संगायनासाठी राजगृह निवडण्यात आले. परंपरेनुसार ५०० अर्हत भिक्षू तेथे वर्षावासासाठी जमले. संगीतीचे स्थळ म्हणून वैभार टेकडीवरील सप्तपर्णी गुहेचे नाव नंतरचे ग्रंथ घेतात. विनयाविषयीचे प्रश्न उपालींना विचारण्यात आले. प्रव्रज्येपूर्वी उपाली हे शाक्यांचे नापित होते; संघाच्या शिस्तीचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून शाक्य कुळातील भिक्षूंसह साऱ्या सभेने त्यांचे सांगणे प्रमाण मानले. धम्माविषयीचे प्रश्न आनंदांना विचारण्यात आले, कारण अनेक वर्षे बुद्धांच्या सतत निकट राहिल्याने सर्वाधिक प्रवचने त्यांच्या कानावर पडली होती.

या आनंदांनाच सभेत दोषीही ठरवण्यात आले. लहानसहान नियम म्हणजे नेमके कोणते, हे त्यांनी बुद्धांना विचारून घेतले नाही; बुद्धांचे वस्त्र शिवताना त्यावर पाय ठेवला; बुद्धांच्या देहाचे प्रथम दर्शन स्त्रियांना घेऊ दिले; बुद्धांनी दीर्घकाळ राहावे अशी विनंती योग्य वेळी केली नाही; आणि महाप्रजापती गौतमी व इतर स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी म्हणून रदबदली केली, असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. यात आपला दोष आपल्याला दिसत नाही, पण ज्येष्ठांवरील श्रद्धेपोटी तो कबूल करतो, असे उत्तर आनंदांनी दिले. स्वतःचे मत न सोडता सभेचा मान राखणारे हे उत्तर होते. एखाद्या संस्थेने आपल्याच आद्य सभेतील असा अवघड प्रसंग शतकानुशतके जपून ठेवावा, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिल्या आरोपातून निघालेला प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. लहानसहान नियम कोणते, यावर सभेत निरनिराळी मते पुढे आली आणि एकमत होईना. तेव्हा महाकाश्यपांनी मांडलेला ठराव मान्य झाला. भिक्षूंचे नियम गृहस्थांनाही ठाऊक आहेत. गुरू गेल्याबरोबर ते सैल केले तर गुरूच्या चितेबरोबर शिस्तही विझली, असे लोक म्हणतील. म्हणून बुद्धांनी केलेला एकही नियम काढायचा नाही आणि न केलेला एकही नियम घालायचा नाही. बुद्धांनी दिलेली सवलत संघाने अशा रीतीने स्वतःहून परत केली.

या संगीतीच्या वर्णनातील सर्वच तपशील ऐतिहासिक मानावेत काय, याविषयी आधुनिक अभ्यासक साशंक आहेत. तथापि सामूहिक पठणाने वचने निश्चित करण्याची रीत प्राचीन आहे आणि पुढील सर्व शाखांनी हा प्रसंग आपल्या परंपरेचा प्रारंभबिंदू मानला आहे.

पुराण आणि छन्न

संगीती आटोपल्यावर दक्षिणगिरीहून पुराण नावाचे एक ज्येष्ठ भिक्षू राजगृहास आले. संगायनात सहभागी व्हावे, असे स्थविरांनी त्यांना सुचवले. संगायन उत्तम झाले आहे, असे म्हणून पुराणांनी ते नम्रपणे नाकारले. आपण स्वतः बुद्धांच्या मुखातून जे ऐकले तेच आपण धरून राहू, असे त्यांनी सांगितले. त्यांना कोणी दंड केला नाही वा संघाबाहेर काढले नाही. ५०० अर्हतांच्या सभेचा निर्णयही त्या सभेबाहेरील भिक्षूवर लादता येत नव्हता, हे या छोट्या प्रसंगातून दिसते.

शिक्षा झाली ती छन्न यांना, आणि तीही बुद्धांच्या शेवटच्या सूचनेनुसार. सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या वेळी सोबत असलेले हे छन्न पुढे भिक्षू झाले. परंतु त्या जुन्या सलगीच्या अभिमानामुळे ते कोणाचे ऐकत नसत. त्यांच्यासाठी ब्रह्मदंड सांगितला होता. छन्न यांनी काहीही बोलावे. इतर भिक्षूंनी त्यांच्याशी बोलू नये, त्यांना उपदेश करू नये. हा दंड सुनावण्याचे काम आनंदांकडे आले. छन्न कोपिष्ट म्हणून अनेक भिक्षूंना सोबत घेऊन ते नावेने कौशांबीला गेले. दंड ऐकताच छन्न मूर्च्छित होऊन पडले. पुढे एकांतात साधना करून ते अर्हत झाले आणि त्या क्षणी दंड आपोआप संपला. संघाच्या हातात तुरुंग नव्हता, चाबूकही नव्हता. सोबत राहणाऱ्यांचे मौन, एवढीच त्याची कठोर शिक्षा होती.

वस्सकाराचा प्रश्न

या नव्या व्यवस्थेचे सर्वांत नेमके वर्णन मज्झिमनिकायातील एका संवादात आढळते. अजातशत्रू त्या काळात अवंतीच्या प्रद्योत राजाच्या भीतीने राजगृहाची तटबंदी दुरुस्त करवून घेत होता. त्या कामावर देखरेख करणारा महामात्य वस्सकार याची आनंदांशी गाठ पडली. राज्यकारभारात मुरलेल्या या माणसाला एकच गोष्ट उमजेना. बुद्धांनी आपल्या जागी कोणाला नेमले आहे काय, असे त्याने विचारले. नाही, असे उत्तर आले. मग संघाने कोणाची निवड केली आहे काय? त्याचेही उत्तर नाही असेच होते. आधार देणारे कोणी नसताना भिक्षूंमध्ये ऐक्य कसे राहते, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. आपण निराधार नाही, धम्म हा आपला आधार आहे, असे आनंदांनी सांगितले आणि तो आधार प्रत्यक्षात कसा चालतो तेही उलगडून दाखवले. एका गावाच्या परिसरात राहणारे सर्व भिक्षू उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतात, नियमांचे पठण करतात आणि कोणाकडून उल्लंघन झाले असेल तर नियमानुसारच त्याचे निराकरण करतात.

या उत्तरात संघाची सारी घटना सामावलेली आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला होणारे पातिमोक्खाचे पठण हा तिचा कणा होता. थेरवाद परंपरेत भिक्षूंच्या या नियमांची संख्या २२७ आहे. प्रत्येक वस्तीची सीमा ठरवलेली असे आणि त्या सीमेतील सर्व भिक्षूंची उपस्थिती किंवा संमती असल्याखेरीज कोणताही संघनिर्णय वैध ठरत नसे. किमान चार भिक्षू जमले की संघ होई. नव्या भिक्षूला उपसंपदा देण्यासाठी मध्यदेशात दहा आणि सीमेवरील दूरच्या प्रदेशात पाच भिक्षू पुरत. प्रस्ताव मोठ्याने मांडला जाई, महत्त्वाच्या बाबतीत तीन वेळा विचारणा होई आणि मौन ही संमती मानली जाई. वाद मिटत नसेल तर शलाका वाटून बहुमत अजमावण्याचीही सोय होती. मान वर्षावासांच्या संख्येवरून मिळे. पण ज्येष्ठाला पुढचे आसन मिळाले, तरी आज्ञा करण्याचा अधिकार मिळत नसे.

असा संघ कोठेही रोवता येई. काही भिक्षू दूरच्या प्रदेशात गेले, त्यांनी सीमा आखली, पठण सुरू केले, नवे भिक्षू घडवले की तेथे पूर्ण संघ उभा राही. त्यास कोणत्याही केंद्राची मान्यता लागत नसे. वचने जपण्यासाठी भाणकांचे गट निर्माण झाले. कोणी दीर्घ सूत्रे मुखोद्गत करी, कोणी मध्यम. एकाची चूक समूहाच्या पठणात लगेच कानाला खटके.

वैशालीतील दहा मुद्दे

परंपरेनुसार महापरिनिर्वाणाला १०० वर्षे झाली तेव्हा या घटनेची पहिली मोठी कसोटी वैशालीत लागली. यश काकंडकपुत्र नावाचे भिक्षू तेथे आले असता उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र भिक्षूंच्या मध्ये ठेवलेले त्यांना दिसले. स्थानिक वज्जी भिक्षू त्यात कार्षापण, म्हणजे नाणी, टाकण्यास गृहस्थांना सांगत होते. यशांनी गृहस्थांना तसे न करण्याविषयी बजावले. तरी पैसे जमले आणि त्यांची वाटणी झाली. यशांचाही वाटा काढून ठेवला होता. त्यांनी तो घेतला नाही. उपासकांना दुखावल्याबद्दल त्यांची क्षमा मागावी, असा दंड मग यशांनाच झाला. यश उपासकांकडे गेले खरे. पण भिक्षूंना सोने-चांदी का वर्ज्य आहे, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले की गृहस्थ त्यांच्या बाजूचे झाले.

प्रकरण चिघळले. यशांनी पश्चिमेकडील तसेच अवंती आणि दक्षिणापथातील भिक्षूंकडे दूत धाडले. सोरेय्य येथील विद्वान स्थविर रेवत यांची संमती मिळवण्यात आली. वाद आता दहा मुद्द्यांवर आला होता. शिंगात मीठ साठवून ठेवणे, सावली दोन बोटे कलेपर्यंत जेवणे, एकाच सीमेत वेगवेगळे उपोसथ करणे, गैरहजर भिक्षूंची संमती नंतर मिळेल असे धरून निर्णय घेणे, न आंबलेली ताडी पिणे, सोने-चांदी स्वीकारणे इत्यादी. वरवर पाहता यांतील काही मुद्दे किरकोळ वाटतात. पण मीठ साठवणे म्हणजे अन्नाचा संचय, आणि गैरहजरांची संमती गृहीत धरणे म्हणजे संघनिर्णयाच्या पायालाच धक्का होता.

सभेत ७०० भिक्षू जमले आणि गोंगाटच फार होऊ लागला. तेव्हा पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ स्थविरांची समिती नेमण्यात आली. सर्वांत ज्येष्ठ असलेले, आनंदांच्या सहवासात राहिलेले सब्बकामी हे पूर्वेकडील होते. तरी प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी नियमाच्या बाजूनेच उत्तर दिले. दहाही मुद्दे अमान्य झाले. वैशालीची ही सभा बहुतेक इतिहासकार प्रत्यक्ष घडलेली घटना मानतात.

फूट आणि राजाज्ञा

एकी मात्र फार काळ टिकली नाही. काही काळाने संघ स्थविर आणि महासांघिक अशा दोन शाखांत विभागला. कारणे प्रत्येक परंपरा वेगळी सांगते. श्रीलंकेतील दीपवंस या ग्रंथानुसार वैशालीत हरलेल्या भिक्षूंनी स्वतंत्र महासंगीती भरवली. महासांघिकांच्या एका ग्रंथानुसार दुसऱ्या बाजूने विनयात भर घातली म्हणून वाद झाला. तर उत्तरेकडील काही ग्रंथ अर्हताच्या पूर्णत्वाविषयीच्या पाच मतांकडे बोट दाखवतात. पुढे परंपरेने १८ निकाय मोजले. नियम काढायचा नाही आणि घालायचाही नाही, हा राजगृहाचा ठराव दोन्ही पक्ष आपल्याच बाजूने उभा करत होते.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात या प्रश्नात राजसत्ता उतरली. सारनाथ, सांची आणि मूळचा कौशांबीचा समजला जाणारा अलाहाबादचा स्तंभ, या तिन्ही ठिकाणच्या अशोकाच्या लेखांत संघभेदाविरुद्ध आज्ञा आहे. संघ फोडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहावयास लावावे, असे हा लेख बजावतो. पांढरी वस्त्रे गृहस्थाची. म्हणजेच त्याचे भिक्षुपद काढून घ्यावे. सारनाथच्या लेखात तर उपासकांनी आणि महामात्रांनी दर उपोसथाला उपस्थित राहावे, असेही सांगितले आहे. बैराटच्या लेखात अशोक भिक्षू, भिक्षुणी आणि गृहस्थांनी नित्य ऐकावेत असे सात धम्मपाठ नावानिशी सुचवतो. पाली वाङ्मयात हे पाठ शोधण्याच्या कामात गोव्यातील सांकवाळचे धर्मानंद कोसंबी यांनीही भर घातली आहे.

श्रीलंकेतील ग्रंथ आणखी पुढची कथा सांगतात. लाभासाठी अनेक बाहेरचे लोक संघात घुसले, पाटलिपुत्रात सात वर्षे उपोसथ झाला नाही. तो बळेच करवण्यासाठी गेलेल्या अमात्याने काही भिक्षूंचा शिरच्छेद केला. मग व्यथित अशोकाने मोग्गलिपुत्त तिस्स यांना बोलावून संघाची शुद्धी करवली आणि तिसरी संगीती भरली. अशोकाच्या उपलब्ध लेखांत या संगीतीचा उल्लेख नाही. मात्र त्यानंतर चारी दिशांना धाडलेल्या स्थविरांपैकी हिमालयाकडे गेलेल्यांची काही नावे सांचीजवळच्या स्तूपांतील अस्थिकरंडकांवर कोरलेली सापडली आहेत. त्याच परंपरेत महाराष्ट्राकडे महाधम्मरक्खित आणि अपरांताकडे, म्हणजे कोकणपट्टीकडे, योनक धम्मरक्खित यांना पाठवल्याची नोंद आहे. नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ साली नवव्याचाही मिळाला.

सह्याद्रीतील साक्ष

या साऱ्या घडामोडींचे पुढचे पान मुंबई-पुण्याच्या वाचकाला एका दिवसाच्या सहलीत वाचता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय निकायातील सतिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. मुखोद्गत परंपरा जपणाऱ्यांपैकी एकाचे नाव तेथे दगडात उरले आहे. तेथेच नऊ खोल्यांचा एक मंडप महासांघिकांना दिल्याचा लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसरे लेणे गौतमी बलश्रीने भद्रायणीय भिक्षूंना दिले. फुटलेले निकाय एकाच डोंगररांगेत, एकाच राजवटीच्या आश्रयाखाली शांतपणे नांदत होते.

वैशालीत ज्यावरून रण माजले त्या पैशाचे पुढे काय झाले, तेही नाशिकच्या दहाव्या लेण्यात वाचावयास मिळते. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दोन विणकर श्रेणींकडे गुंतवले. त्यांपैकी २००० वर शेकडा दरमहा एक या दराने व्याज ठरले आणि त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी तजवीज झाली. हिशेब बिनचूक आहे : वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ मिळून तेही २४०. मुद्दल श्रेणीकडे आणि लाभ संघाला, अशी ही वाट होती. नियम तसाच राहिला. त्याच्या शेजारून व्यवहाराने आपला मार्ग काढला.

टिकण्याची किंमत

श्रीलंकेत इ.स.पू. पहिल्या शतकात दुष्काळ आणि युद्धांनी भाणकांची परंपराच खंडित होण्याची वेळ आली. तेव्हा वट्टगामणी राजाच्या काळात त्रिपिटक प्रथमच लिहून काढण्यात आले. आलुविहार हे त्याचे परंपरागत स्थळ. कित्येक शतकांची मौखिक ठेव अखेर ताडपत्रांवर उतरली.

नियम ग्रंथात टिकतो. उपसंपदेसाठी मात्र जिवंत भिक्षूंची साखळी लागते. अठराव्या शतकात श्रीलंकेत उपसंपदा देण्यास पुरेसे भिक्षूच उरले नाहीत, तेव्हा १७५३ साली सयामहून स्थविर उपाली आणि त्यांचे सहकारी भिक्षू आले आणि साखळी पुन्हा जोडली गेली. भिक्षुणींच्या बाबतीत असे सहज घडले नाही. भिक्षुणीच्या उपसंपदेला भिक्षू आणि भिक्षुणी असे दोन्ही संघ लागतात. श्रीलंकेतील भिक्षुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लयास गेला आणि थेरवादात उपसंपदा देणाऱ्या भिक्षुणीच उरल्या नाहीत. १९९६ साली सारनाथ येथे आणि १९९८ साली बोधगया येथे, पूर्व आशियातील परंपरेच्या भिक्षुणींच्या साहाय्याने श्रीलंकेतील स्त्रियांना उपसंपदा देण्यात आली. काही भिक्षुसंघांनी ती मान्य केली, इतरांच्या मते नियमांत तिला जागा नाही. दोन्ही बाजू विनयाचाच आधार घेतात.

हा वाद मिटवील असा कोणी प्रमुख नाही. राजगृहात आनंदांवर ठेवलेल्या आरोपांत स्त्रियांच्या प्रव्रज्येचा आरोप होता आणि त्याच सभेत एकही नियम न बदलण्याचा ठरावही झाला होता. त्या ठरावाने संघाला अनेक राजवटी आणि दुष्काळ यांतून पार नेले. त्याच ठरावामुळे तुटलेली साखळी पुन्हा जोडावी की नाही, हे प्रत्येक सीमेतील संघाला आपापल्यापुरते ठरवावे लागत आहे. वस्सकाराने विचारलेला प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि संघाकडे त्याचे उत्तर आनंदांनी दिले तेच आहे.